आखूड काडी

सळई चकचकीत केली होती. कोणी केली कोण जाणे, पण त्याला सळईतलं काही कळत नसणार, कारण खरी सळई कधी चमकत नाही, चमकून चालतच नाही, ती मुद्दाम काळपट ठेवायची असते, नाहीतर उन्हात लांबून दिसते… आणि ही तर मंचावरच्या टेबलावर, लाकडी पाटावर आडवी बसवलेली, दिव्याखाली नव्या चमच्यासारखी लकाकत होती. मूठ मात्र कुणी पॉलिश केली नव्हती. मुठीवर अंगठ्याच्या जागी पडलेला खळगा त्याला चौथ्या रांगेतूनही ओळखू आला. वर्षानुवर्षं जमीन टोचत, सुरुंग शोधत पुढे सरकताना त्याच्याच अंगठ्याने तो पाडला होता. पलटणीच्या साहेबांनी निवृत्त होताना ती सळई आठवण म्हणून मागून घेतली होती, आणि आज भाषणाला येताना ते ती बरोबर घेऊन आले होते. माझी सळई, त्याच्या मनात आलं, आणि त्याला उगाचच बरं वाटलं.

छावणीतले जुने लोक त्याला काड्या म्हणत, नवी पोरं उस्ताद म्हणत. काड्या हे नाव ऐकून नव्या माणसाला वाटायचं की हा गृहस्थ इथली कागाळी तिथे करत असणार. पण बिचाऱ्याने उभ्या आयुष्यात कुणाच्या काड्या केल्या नव्हत्या. नाव पडलं ते वेगळ्याच कारणाने. त्यांची पलटण सुरुंग काढायची. सगळ्यांत पुढे एक जण सळई घेऊन गुडघ्यांवर, तो जमीन टोचत जायचा. त्याच्या मागचा पांढऱ्या फिती रोवून वाट आखायचा. आणि बाकीचे त्या वाटेने पावलावर पाऊल ठेवत यायचे. सळई कशाला कठीण लागली की ओढायची नाही, ढकलायची नाही, बोलायचं तर नाहीच. फक्त डावा हात वर. डावा हात वर झाला की मागची सगळी पलटण उचललेलं पाऊलसुद्धा तसंच अधांतरी ठेवून थांबायची.

आणि पुढे कोण, हे रोज सकाळी काड्या ओढून ठरायचं. साहेब स्वतः मुठीत काड्या धरून रांगेपुढून जायचे. सगळ्या सारख्या, एक आखूड. आखूड ज्याच्या हाती, तो पुढे. ती त्याच्या हाती इतक्या वेळा आली की पोरांनी नावच ठेवलं. आपलं नशीब आखूड, हे त्याने तेव्हापासून धरून ठेवलं होतं, अगदी साध्या गोष्टींतसुद्धा. मुलगी झाली तेव्हा नर्सने बाळ पुढे केलं तर त्याने हात पाठीमागे नेले होते… आधी तिच्या आजीकडे द्या, म्हणाला. बायको अजून हसते त्यावरून. भित्रा, म्हणते, फौजेत काय दिवे लावलेस देव जाणे. पण घराच्या सोडतीचा अर्ज भरायचा होता तेव्हा तिनेही पेन त्याच्या हातात दिलं नव्हतं, स्वतःच सही केली.

साहेब बोलत होते. आवाज तोच, थोडा घोगरा, मध्येच थांबून समोरच्याला हसायला सवड देणारा. सभागृह गच्च भरलं होतं, आणि बघण्यासारखी गोष्ट म्हणजे लोक आपापले बसले होते — डोंगरातले डावीकडे, सपाटीवरचे मधे, किनाऱ्यावरचे उजवीकडे. गेल्या महिन्यापर्यंत असं नव्हतं. गेल्या महिन्यात डोंगरातल्या तरुण शिपायांनी अर्ज दिला की सगळ्यांत पुढे जायची पाळी उघडपणे, सर्वांसमक्ष लावली जावी, आणि आमच्या अडचणी मांडायला आमची एक समिती असू द्यावी; आणि त्या अर्जावरून छावणी उभी चिरली. आज डोंगरवाल्यांची समिती, उद्या किनाऱ्यावरच्यांची, परवा स्वयंपाक्यांची, मग फौज म्हणून काय उरलं, असं निम्मे म्हणत. दुखतं तिथे दुखतं म्हणायचं नाही का, असं उरलेले. खानावळीत टेबलं वेगळी झाली, मीठ मागायचं तरी माणसं आपल्यातल्यालाच मागायला लागली. शेवटी कमांडंटने ठरवलं की काय ते सभागृहात समोरासमोर बोला. एकजुटीच्या बाजूने आधी साहेब, मग तो स्वतः. तो डोंगरातला, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. हे कमांडंटने तोंडावर सांगितलं नव्हतं, पण त्याला काय कळत नव्हतं थोडंच!

त्याने वाक्यही तयार केलं होतं. दाढी करताना आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं… आमच्या पलटणीत डोंगर नव्हता, सपाटी नव्हती, काडी होती. छान जमलं होतं. तेच वाक्य आज सकाळी त्याने वायरलेसवालीलाही ऐकवलं होतं.

वायरलेसवाली म्हणजे अर्ज घेऊन फिरणारी मुख्य पोरगी. त्याच्याच दरीतली, त्याच्याच हाताखाली शिकलेली. कानाला यंत्र लावून बसली की शेजारी छप्पर पडलं तरी मान न वळवणारी. कॅन्टीनच्या मागे तिने त्याला गाठलं. ती आज अर्जाच्या बाजूने बोलणार होती, पण त्याआधी तिला एकच गोष्ट विचारायची होती. तिने जुन्या माणसांकडून ऐकलं होतं की त्या काळात पुढे जाणारे बहुतेक सगळे आपलेच असत. खरं का?

"खरं," तो म्हणाला, "पण काडी होती पोरी. काडीला काय कळतं कोण कुठला? मी स्वतः ओढलीय ना. माझ्या डोळ्यांदेखत."

ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, उस्ताद." आणि तिने बोलणाऱ्यांच्या यादीतून आपलं नाव काढून घेतलं. डावीकडे दुसऱ्या रांगेत ती बसली होती. मागून तिची मान दिसत होती, आणि अर्ज आता बिननावाचा, बिनतोंडाचा होऊन कमांडंटच्या टेबलावर पडला होता. तो बोलला की संपलं. आपण एक भांडण मिटवलं, असं त्याला सकाळपासून वाटत होतं.

"आता निवृत्त माणसाला कोण काय करणार, म्हणून सांगून टाकतो," साहेब हसत म्हणाले. "काडी मी कधी नशिबावर सोडली नाही. आखूड काडी माझ्या अंगठ्याखाली दाबलेली असायची. सपाटीवरच्या कुणी धरली तर येऊच द्यायचो नाही. डोंगरातली पोरं… त्यांच्या पायांना जमीन कळते हो. आणि भीती त्यांना आपल्यासारखी नसते. इतकी वर्षं तीच पुढे गेली, पण एकाने कधी ब्र काढला नाही. याला म्हणतात एकजूट."

हशा झाला. मग टाळ्या. मधल्या रांगांतून जोरात, उजवीकडून बऱ्यापैकी, डावीकडून… डावीकडे त्याने पाहिलं नाही. वाजवणाऱ्यांत आपलेही हात होते, हे त्याला टाळ्या थांबल्यावर कळलं. तळवे गरम झाले होते.

काय म्हणाले साहेब?

नाही, त्याने नीट ऐकलं होतं. प्रत्येक शब्द ऐकला होता, आणि तरी आतलं कुणीतरी बहिऱ्यासारखं पुन्हापुन्हा विचारत होतं, काय म्हणाले, काय म्हणाले. म्हातारा माणूस, रंगवून सांगतो आहे, समोर गर्दी दिसली की कुणाचीही जीभ सैल सुटते, असेल काहीतरी एखाद्या दिवशीचं… त्याने हे सगळं भराभर मांडून पाहिलं. पण त्याच वेळी, न बोलावता, एक वाक्य कानाशी येऊन बसलं. अडकली का रे? दुसरी घे.

किती वेळा ऐकलं होतं ते! रांग उंचीप्रमाणे लागायची, उजवीकडे उंच सपाटीवरचे, डाव्या टोकाला डोंगरातले बुटके. आणि मूठ नेहमी उजवीकडून यायची. कुणीतरी काडी धरायचा, ती येईना झाली की साहेब डोळा बारीक करून म्हणायचे, अडकली का रे? दुसरी घे. आणि आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचो, साहेबांचा हात घामेजलेला असतो म्हणून काडी चिकटते, असं मीच नव्या पोरांना समजावून सांगायचो… मूर्खासारखा! इतक्या जणांच्या इतक्या डोळ्यांसमोर, लख्ख उजेडात, आणि कुणाला दिसलं नाही. की मधल्यांना दिसत होतं? आत्ता जे हसले त्यांच्यात दोन-तीन जुने होते. ते हसले तेव्हा त्यांना काही नवीन कळलंय असं त्यांच्याकडे बघून वाटलं नव्हतं.

राग यावा म्हणून तो थांबून राहिला. येईना. त्याऐवजी आठवलं ते इस्पितळ. तापाने फणफणला होता तेव्हा हेच साहेब रात्रभर खुर्ची टाकून बसले होते, चमच्याने पाणी पाजत होते, आणि ते काही खोटं नव्हतं. माया खरी होती. माणसाने आपल्या आवडत्या हत्यारावर करावी तशी असेल, पण खरी होती. मग हे काय होतं? एकाच हाताने पाणी पाजायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने… आणि सांगताना चेहऱ्यावर कुठे काही लपवल्याची खूणसुद्धा नाही. त्यांना वाटतंय ते कौतुक करतायत. खरोखरच कौतुक करतायत. हे त्याला सगळ्यांत असह्य झालं.

आणि गवय्या?

गवय्या त्याच्याच गावचा. काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणायचा म्हणून गवय्या. त्या सकाळी रांग संपत आली आणि मुठीत दोनच काड्या उरल्या, एक त्याची आणि एक गवय्याची. त्याने ओढली. लांब निघाली. त्या क्षणी त्याला जो आनंद झाला होता, त्या आनंदाची लाज त्याने आजवर उशाला घेऊन झोप काढली होती. गवय्या आपली आखूड काडी बघून म्हणाला होता, चल, आज तुला सुट्टी, तू फिती रोव. आणि दुपारी एक धमाका झाला, फितींची वाट तिथेच संपली, त्याच्यापुढे रोवायला वाटच उरली नाही. गवय्याच्या आईने विचारलं होतं, तू मागेच होतास ना रे? त्याने हो म्हटलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, माझ्या नशिबाची काडी त्याला गेली, काकी.

नशीब! कसलं नशीब? सपाटीवरचे सगळे सुटून गेल्यावर, मूठ डाव्या टोकाला आल्यावर, साहेबांनी अंगठा सैल केला असणार. आता कुणीही ओढो, त्यांना फरक पडत नव्हता. म्हणजे शेवटच्या त्या दोन काड्यांत मात्र नशीब खरं होतं. तेवढंच नशीब आमच्यासाठी शिल्लक ठेवलं होतं… आमच्या दोघांत. एकमेकांच्या वाटणीचं. आणि तेवढ्यावरून मी जन्मभर स्वतःला बोल लावत बसलो, पोरीला हातात घेतलं नाही.

"कुठाय माझा काड्या?" साहेबांनी मंचावरून विचारलं. "अरे, उभा राहा, बघू दे सगळ्यांना."

तो उभा होता. कधी उठला ते त्याचं त्याला कळलं नाही. टाच टाचेला लागली होती, हात कपाळाशी गेला होता, छाती पुढे आली होती, आणि शरीराचा हा सगळा आज्ञाधारकपणा तो आतून, खिडकीतून रस्त्यावरची मिरवणूक बघावी तसा, थक्क होऊन बघत होता. पुन्हा टाळ्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कमांडंटने ध्वनिक्षेपकाकडे बोट केलं… आता तुम्ही.

रांगेतून बाहेर पडताना माणसांनी गुडघे आखडून घेतले. पुढे मंचाच्या चार पायऱ्या. दुसऱ्या रांगेजवळून जाताना त्याने वायरलेसवालीकडे पाहिलं. वाटलं होतं की ती रागाने बघेल. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती सळईकडे बघत होती, तोंड किंचित उघडं ठेवून, आणि एकदम फार लहान दिसत होती. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, उस्ताद.

मंचाच्या फळ्यांवर पाऊल टाकताना ते आपोआप हलकं पडलं. आधी टाच, मग थांबून चवडा. साहेब पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले होते आणि मान हलवून त्याला धीर देत होते, सांग, सांग. वाक्य जिभेवर तयार होतं. आरशासमोर दोनदा घासलेलं, गुळगुळीत. आमच्या पलटणीत… इतकं सोपं. त्याने तोंड उघडलं, आणि वाक्याचं टोक आत कशाला तरी कठीण लागलं.

ही जागा त्याला ओळखीची होती. इतकी ओळखीची की क्षणभर त्याला सभागृह दिसेना. फक्त जमीन, मुठीतली सळई, आणि टोकाशी ते कठीण, गप्प पडून राहिलेलं. ओढायचं नाही. ढकलायचं नाही. बोलायचं तर नाहीच.

समोर कुणीतरी श्वास रोखला, मग दुसऱ्या कुणीतरी. मधल्या रांगांतले ते दोन-तीन जुने लोक एकदम ताठ झाले, एकाने पुढे टाकलेला पाय तसाच अधांतरी धरला. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. ते सगळे त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्यावरून वर कुठेतरी बघत होते, आणि तेव्हा त्याला कळलं की आपला डावा हात वर गेला आहे.

तो तसाच उभा राहिला. हात खाली घ्यावा असं त्याला वाटेना. पुढे काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आज मागे वळून एकेकाचा चेहरा नीट बघितल्याशिवाय पुढे सरकायची त्याची तयारी नव्हती.