चाळीस मिनिटांची चाचणी

रविवारच्या सामूहिक उड्डाणात सासऱ्यांचं विमान घ्यायचं की नाही, हे शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत ठरवायचं होतं. आणि ठरवणारा होता जावई. चष्म्याच्या दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या या माणसाला कॉम्प्युटरवर विमानं उडवणाऱ्या गटाने प्रमुख केलं होतं, कारण बाकी कुणाला वेळ नव्हता.

सासरे निवृत्त बसचालक. खेळात ते एक जुनं दुपंखी विमान चालवत. वेग ताशी शंभर किलोमीटर. गेल्या रविवारी बाकीची जेट विमानं त्यांची वाट बघत घिरट्या घालत राहिली आणि इंधन संपून दोन पडली. एक त्यांच्यासमोरच पडलं. "वाट दिली हो त्याने," सासरे म्हणाले होते.

गट भडकला. नियम झाले. शंभर किलोमीटर चाळीस मिनिटांत पार करणारंच विमान चालेल. जागच्या जागी उतरणारं काही चालणार नाही, कारण मागे एक हेलिकॉप्टर थेट जेटवर उतरलं होतं.

"बाबा आठवडाभर गप्प असतात," बायको दारात उभी राहून म्हणाली. "रविवारी तो हेडफोन घालतात तेव्हाच घरात त्यांचा आवाज ऐकू येतो. काढून बघ त्यांना!"

जावयाने काढलं नाही. खेळातलं हवामान प्रमुखाच्या हातात असतं. शनिवारी सासऱ्यांची चाचणी सुरू झाल्यावर त्याने हळूच मागून ताशी साठचा वारा सोडला.

सासरे अडतिसाव्या मिनिटाला धावपट्टीवर पोहोचले.

"वारा किती आहे?" हेडफोनमध्ये टॉवरताईंनी विचारलं. त्या शाळेच्या प्रयोगशाळेत काम करत आणि गटात सगळ्यांना उतरवून घेत.

"झुळूक," जावई म्हणाला. त्याचा माउस घामाने निसटत होता.

"झुळकीने धावपट्टीवरची वारा दाखवणारी कापडी सोंड मोजपट्टीसारखी ताठ झालीये."

उतरायला वाऱ्याकडे तोंड करावं लागतं. सासऱ्यांनी विमान वळवलं, वेग साठवर आणला. समोरून वाराही साठचा. विमान हवेत थांबलं. खिळ्याला टांगलेल्या छत्रीसारखं.

एकोणचाळीस मिनिटं झाली.

"मामा, पुढे या ना!"

"रस्ता सरकतच नाहीये, जावईबापू."

वारा कमी करावा, तर विमान धाडकन पुढे येणार आणि सगळ्यांना कळणार. नाही करावा, तर... जावयाचं बोट बटणावरच राहिलं. तेवढ्यात सासऱ्यांनी इंजिन मंद केलं. विमान पाळण्यासारखं डोलत सरळ खाली आलं आणि टेकलं. दहा सेकंद शिल्लक होते.

"वेळेत," टॉवरताई म्हणाल्या. "पण जागच्या जागी उतरलं. म्हणजे हेलिकॉप्टर. बाद."

पलीकडच्या खोलीत सासऱ्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. एवढासाच.

"वारा मी लावला होता," जावई घाईघाईने म्हणाला. "साठचा. त्यात मामांचा काही दोष नाही."



"साठच्या वाऱ्यात न आपटता उतरवलं?" टॉवरताई म्हणाल्या. "आपल्यात कुणाला जमेल? जेट मागून निघतील, मामा चाळीस मिनिटं आधी. मामा राहतील. प्रमुख मात्र जातील."

पलीकडे हेडफोन पुन्हा चढला. "जावईबापू, रविवारी मोकळे झालात का?"

"झालो, मामा."

"बरं झालं," बायकोने पिशवी त्याच्या मांडीवर टाकली. "भाजी आणायला माणूस हवाच होता. आणि चालत जा. वारा लावू नकोस."