गुरुजींपेक्षा एक दिवस जास्त

"अजून एक घ्या, गुरुजी. पुरे साजूक तुपातले हायेत," नत्थूजी म्हणाले आणि त्यांनी डबा पुढे सरकवला.

दत्तात्रय गुरुजींनी घेतला. पाडव्याच्या सकाळचा हा चौथा बेसनाचा लाडू होता. गुरुजींचं वय त्र्याऐंशी, मधुमेहाचं चौदा, आणि लाडू चांगले संत्र्याएवढे. सुनेला मुद्दाम सांगून नत्थूजींनी ते तसे वळून घेतले होते. गुरुजींनी अर्धा लाडू गालात धरला आणि डोळे मिटले. नत्थूजी आशेने पुढे झुकले.

गुरुजींनी डोळे उघडले. "वा! अमृत. तुम्ही नाही घेत?"

"मले चालत नाही जी."

नत्थूजींनी खिशातून पुडी काढून दोन फुटाणे तोंडात टाकले. गुरुजींच्या ओट्यावर फराळाची सहा ताटं होती. त्यांतल्या एकाही चकलीकडे त्यांनी नजर वर करून पाहिलं नाही.

"शकुंतलाबाईंची आठवण आली बघा," गुरुजी बोटं चाटत म्हणाले. "काय पुरणपोळी करत होत्या तुमच्या मिसेस! माऊली होती माऊली."

नत्थूजींनी फुटाणा बत्तीस वेळा चावला. त्यांच्या बायकोचं नाव कलाबाई होतं.

नत्थूजी पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत वॉल्व्हमन होते. खांद्यावर लोखंडी चावी टाकून चौतीस वर्षं त्यांनी वार्डावार्डांत पाणी सोडलं. गुरुजी हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. पण त्यांचा खरा धंदा घाटावरचा. आपल्या भागात माणूस गेला की सरणाला अग्नी दिल्यावर लोक बाजूच्या शेडमध्ये बसतात, शोकसभा होते आणि कोणीतरी उठून गेलेल्याविषयी चार शब्द बोलतं. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत हे चार शब्द गुरुजींचे असत. ते साधारण बावीस मिनिटं चालत. भाषणातला मेलेला माणूस तेवढा बदले, बाकी भाषण तेच.

नऊ वर्षांपूर्वी मेलेला माणूस बदलायचा राहून गेला.

आदल्या दिवशी गुरुजी सौंसरला शकुंतलाबाई नावाच्या एका बाईंवर बोलून आले होते. दुसऱ्या दिवशी कलाबाईंचं सरण पेटलं आणि गुरुजी उठले. शकुंतलाबाई म्हणजे शांत स्वभावाची मूर्ती, ते म्हणाले. दर शनिवारी पायी जामसांवलीच्या मारुतीला जायच्या, त्यांची पुरणपोळी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती, तीन महिन्यांच्या दुखण्यात त्या एकदाही कण्हल्या नाहीत. लोकांनी डोळे पुसले. नत्थूजींना उठून सांगायचं होतं, पण त्या दिवशी त्यांच्या पायांत उठण्यापुरतंही बळ नव्हतं. मग दोन मिनिटं मौन झालं, तेही शकुंतलाबाईंसाठी. सौंसरच्या त्या बाईला दोन दिवसांत दोन शोकसभा मिळाल्या आणि कलाबाईला एकही नाही.

त्या दिवशी घाटावरून परत येताना नत्थूजींनी ठरवलं, की आपण गुरुजींपेक्षा एक दिवस जास्त जगायचं. गुरुजींच्या शोकसभेत आपण उठायचं, आणि त्यांनाही दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याचं आयुष्य द्यायचं. भाषण तयार झालं. गुरुजींचं नाव त्यात रामदास होतं. रामदास गुरुजी पट्टीचे पोहणारे होते, मितभाषी होते, आणि त्यांचा तमाशातला ढोलकीचा हात कोणी विसरणार नाही.

भाषण सोपं होतं. कठीण होतं ते जिवंत राहणं.

नत्थूजी पहाटे पाचला उठू लागले. स्टेशनपर्यंत जाऊन यायचे, पावलाच्या तालावर भाषण म्हणत. मग पन्नास उठाबशा. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, मोड आलेली मटकी, बिनमिठाचं ताक. वर्षभर हे जमे, परीक्षा सणांत असे. पोळ्याच्या करंज्या, गणपतीचे मोदक, दिवाळीचे अनारसे असा एकामागून एक हल्ला येई, आणि नत्थूजी पाटावर ताठ बसून काकडी खात.

"मामाजी, एक तरी लाडू खा," सून उर्वशी दर दिवाळीला म्हणे. "लोकं म्हणतीन, सून खायले देत नाही."

"तो बसला हाय तोवर नाही."

"कोन बसला हाय?"

"तू मटकी वाढ."

औंदा एक ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने त्यांचा सत्कार केला. शहात्तर वर्षांचा माणूस जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो म्हणून. एका तरुण डॉक्टरांनी सुंदर वार्धक्यावर भाषण केलं. सणांत जीभ आवरा, पाय चालते ठेवा, मन शांत ठेवा. शेवटी त्यांनी माइक पुढे केला. "काका, तुमच्या तब्येतीचं रहस्य काय?"

"कोनाचा तरी राग ठेवावा," नत्थूजी म्हणाले.

सभागृह हसलं. डॉक्टरांनी डायरीत लिहून घेतलं.

राग उतरायला वेळच मिळत नव्हता, कारण शकुंतलाबाई नत्थूजींच्या घरात राहायला आली होती. मुलगा वैभव कित्येक वर्षं नोकरीसाठी दूर होता आणि जेमतेम अग्नी द्यायला पोचला होता. उर्वशी तर या घरात नंतर आली. लोकांच्या तोंडून ऐकून ऐकून दोघांना ते खरं वाटू लागलं होतं. सर्वपित्रीला उर्वशी सासूच्या नावाने पुरणपोळी करी, आणि तव्यावर एखादी फुटली की रडकुंडीला येऊन म्हणे, "आत्याबाईंचा हात माह्याजवळ कुठून येनार?" यंदा तर वैभव लेकीला सांगत होता, "तुही आजी पायी जामसांवलीले जाय." नत्थूजी म्हणाले, "ते नाही जात होती." वैभव म्हणाला, "बाबा, तुमाले याद नाही राहून राहिली आता." नत्थूजी पानावरून उठले. घरच्यांना वाटलं, पथ्य.

गुरुजी मात्र मरत नव्हते. नऊ दिवाळ्या नत्थूजींनी तुपातले लाडू पोचवले. गुरुजींच्या गालांवर तेज आलं. साखर तपासली की नॉर्मल. त्यांचा सगळा व्यायाम म्हणजे वर्तमानपत्राची घडी घालणं. नत्थूजींनी कटाक्षाने एक गोष्ट पाळली होती. गुरुजींना चुकूनही 'चालत जा' म्हणायचं नाही.

आणि आज, पाचवा लाडू उचलत, गुरुजीच म्हणाले, "त्या दिवशी तुमचा सत्कार पाहिला आणि ठरवलं. उद्यापासून मीही तुमच्याबरोबर फिरायला येणार."

नत्थूजींच्या घशात फुटाणा अडकला. "काहून बाप्पा? तुमाले काय गरज हाय?"

"शंभर गाठायचे आहेत हो. अतुलने बूटही आणलेत."

गुरुजींचा मुलगा अतुल आतून पांढरे शुभ्र बूट घेऊन आला. नत्थूजींनी मनातल्या मनात हिशेब केला. गुरुजी शंभर म्हणजे आपण त्र्याण्णव. रात्रीची अर्धी भाकरही बंद करावी लागणार.

भाऊबिजेच्या पहाटे गुरुजी दारात उभे होते. दोघं निघाले. गुरुजी दहा पावलं चालत आणि थांबून एक आठवण सांगत. स्टेशनच्या वळणावर ते म्हणाले, "शकुंतलाबाईंचं काय बळ म्हणावं! जामसांवलीपर्यंत पायी!"

नऊ वर्षांत जे तोंडून निघालं नव्हतं ते निघालं. "गुरुजी, तिचं नाव कलाबाई होतं."

गुरुजींनी मान डोलावली. "हो हो, तेच. कलाबाई." मग चार पावलं चालून म्हणाले, "पण काय शांत बाई हो शकुंतलाबाई!"

नत्थूजींनी चालण्याचा वेग वाढवला. मागून गुरुजींचा आवाज आला. "नत्थूजी, थांबा की. एक सांगायचं होतं. माझ्या वेळेला तुम्हीच बोला बरं का. बाकी कोणाला येत नाही. अतुललाही सांगून ठेवलंय."

"बोलीन," नत्थूजी म्हणाले. "तयारी हाय माही."

"वा," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी खरोखर कृतज्ञतेने हात जोडले.

तिसऱ्या दिवशी फिरून आल्यावर गुरुजींनी ओट्यावर बसून एक बूट काढला, आणि दुसरा काढायचा राहिला. डॉक्टर म्हणाले, चालण्याचा काही संबंध नाही, वय झालं होतं. नऊ वर्षांच्या लाडवांना जे जमलं नव्हतं ते तीन फेऱ्यांत झालं होतं, आणि त्यात नत्थूजींचा काडीचा हात नव्हता. याचंही त्यांना थोडं वाईट वाटलं.

दिवाळीची सुट्टी असल्यामुळे खांदे पुष्कळ होते, पण कामाचे नव्हते. पुण्याहून आलेले तरणे पोट्टे आठवडाभराच्या फराळाने जड झालेले; दोन विजेचे खांब गेले की धापा टाकत बाजूला होत. गुरुजींच्या वयाचे जे उरले होते ते ऑटोतून येत होते. नत्थूजींनी दारातून पुढचा उजवा खांदा धरला तो घाटापर्यंत सोडला नाही.

"बाबा, द्या ना इकडं," वैभवने दोनदा म्हटलं.

"हट."

"मैत्री असावी तर अशी," मागचं कोणी म्हणालं. नत्थूजींना एवढंच पाहायचं होतं की गुरुजी पोचतात.

अतुलने अग्नी दिला. लोक शेडमध्ये बसले. आणि अडचण अशी झाली, की ज्यांनी बोलायचं तेच गेले होते. सगळ्यांनी सवयीने उजवीकडे पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. अतुल उठला, डोळे पुसून म्हणाला, "बाबा सांगून गेलेत. नत्थूकाका बोलतीन."

माइक नत्थूजींच्या हातात आला. त्यांचे पाय खांबासारखे घट्ट होते. श्वास एका लयीत होता. नऊ वर्षांची भाकर, मटकी, उठाबशा सगळ्या याच उभं राहण्यासाठी होत्या.

"मंडळी," ते म्हणाले, "आज आपल्यातून गेलेले..."

पुढचा शब्द होता रामदास. जिभेवर आला होता. समोर दीडशे माणसं बसली होती, आणि ती ऐकणार होती, रडणार होती, आणि उद्यापासून खरं मानणार होती. त्यांच्यात वैभवही होता. नत्थूजींच्या एकदम ध्यानात आलं, की असा माइक आपल्या हातात पुन्हा यायचा नाही. तो याच माणसावर खर्च करायचा?

"कलाबाई," ते म्हणाले. "नाव कलाबाई. शकुंतलाबाई नाही."

शेडमध्ये चुळबुळ झाली.

"संत्र्याच्या मंडीत माल निवडाले जाय. छब्बीस वर्षं. डोळे मिटून संत्रं हातात घे अन् सांगे, हे आतून कोरडं हाय. फोडून पाहा, कोरडंच. पुरनपोळी तिले जलमात जमली नाही. तव्यावर फुटे. मंग सारं गोळा करून वाटीत दे अन् म्हने, खा, पोटात जाऊन एकच होते. जामसांवलीले एकडाव गेली. पायी नाही, बशीनं. गर्दीत चप्पल हरपली, तवापासून म्हने, मारुतीले मी इथूनबी दिसतो."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अतुल मान वर करून पाहत होता. तो आता थांबवेल असं नत्थूजींना वाटलं. थांबवलं असतं तरी ते थांबले नसते. अतुलने मान खाली घातली.

"शांत नव्हती. नळ उशिरा सुटला की सारा वार्ड घरात बसे अन् हे एकटी चौकात येऊन भांडे. माह्याशी. लोकं म्हनत, अवं, नवरा हाय तुहा. हे म्हने, तो घरी. इथं मी वार्डाकडून हाय. पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली. पडली, दात गेला, शिकली." ते थांबले. "तीन महिने बिमार होती. कन्हली नाही असं या जागेवर सांगितलं गेलं. बम कन्हली. रात्र रात्र कन्हली. मी पाय दाबत होतो. मले माहीत हाय."

वैभव दुसऱ्या रांगेत होता. त्याने हाताने तोंड झाकलं होतं.

नत्थूजी बावीस मिनिटं बोलले. गुरुजींचं नाव त्यात एकदाही आलं नाही. मग त्यांनी माइक खाली ठेवला आणि म्हणाले, "दोन मिनिटं उभे राहा."

दीडशे माणसं उभी राहिली. पलीकडे सरण तडतडत होतं. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. 'घाटावर या' एवढाच निरोप मिळून सौंसरहून घाईने आलेला कोणी एक माणूस पावलं न वाजवता मागच्या रांगेत शिरला.

"कोन गेलं जी?" त्याने शेजारच्याच्या कानाला लागून विचारलं.

"कलाबाई म्हनून होत्या," शेजारचा डोळे न उघडता पुटपुटला. "संत्र्याच्या मंडीतल्या."

"अरेरे," तो माणूस म्हणाला, आणि हेल्मेट काखेत धरून, मान खाली घालून उभा राहिला.