भोंगा कोणासाठी?

सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात रोज चारशे चादरी येतात आणि एकही ग्राहक येत नाही. तरीही नव्या माणसाच्या चाचणीच्या फॉर्मवर ‘ग्राहकांशी हसून बोलतात का?’ असा रकाना होता. सुपरवायझर साहेबांनी तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असा भरला.

फॉर्म होता पट्टीचा. पट्टी बावीस वर्षांची. तिनं घडी घातलेल्या चादरीच्या कडा पट्टी लावून आखल्यासारख्या जुळायच्या, म्हणून हे नाव. ते तिला मान्य होतं, कारण ते खरं होतं.

अडचण एकच होती. ड्रायर थांबला की भोंगा वाजायचा आणि पट्टी हातातली चादर ठेवून, कान दाबून बाहेर जायची. भिंतीला टेकून पाच-सात मिनिटं उभी राहायची, मग परत यायची. आज शनिवारी तिचा चाचणीचा महिना संपत होता.

साहेबांनी रोजगार केंद्रातल्या ताईला बोलावून घेतलं. सूतगिरणी बंद पडल्यापासून गावात धडधाकटांनाही काम मिळेना, तिथं ताईनं दोन वर्षांत पट्टीला याआधी सात ठिकाणी चिकटवून पाहिलं होतं.

‘‘मुलगी गुणी आहे हो,’’ साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, ‘‘पण दिवसातून अकरा वेळा बाहेर. कसं चालायचं? तिला जरा सवय लावा.’’

‘‘साहेब, तिला ऑटिझम आहे. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो तिला सोसत नाही. हा हट्ट नाहीये. बरं, भोंगा लागतो कशाला?’’

‘‘कपडे वाळले हे ड्रायरवाल्याला कळायला.’’

‘‘त्याला विचारू या?’’

ड्रायरवाले काका आले. ताईनं विचारलं. काकांनी एका कानातला कापसाचा बोळा काढला आणि म्हणाले, ‘‘काय?’’

तिनं पुन्हा विचारलं.

‘‘मी लाल दिवा बघतो,’’ काका म्हणाले. ‘‘भोंग्यानं डोकं उठतं. नऊ वर्षं कापूस घालतोय.’’ बोळा परत घालून ते गेले.

साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. ‘‘भोंगा मशीनबरोबरच आलाय,’’ शेवटी ते म्हणाले.

‘‘भोंग्याला वायर आहे, साहेब. काढता येते. तिच्या कानांना नाही.’’

इतक्यात पट्टी आत आली. तिचा एप्रन तिच्या हातात होता, चौकोनी घडी घातलेला. तिनं तो टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला.

‘‘अगं, हे काय?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘ताई आणि साहेब बंद खोलीत बसले की मीटिंग असते. ही आठवी. मीटिंगनंतर एप्रन द्यायचा असतो.’’ तिनं एक कोपरा नीट केला. ‘‘धुतलेला आहे.’’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. मग त्यांनी इलेक्ट्रिशियनला हाक मारली.

भोंगा काढायला दहा मिनिटं लागली. त्यातली आठ स्क्रूड्रायव्हर शोधण्यात गेली.

पुढच्या वेळी ड्रायर निमूटपणे थांबला. वीज गेली असं वाटून कामावरच्या तिघीजणी दिव्यांकडे बघायला लागल्या. काकांनी कापूस काढला आणि इस्त्रीवाल्या मावशी आपल्याविषयी काय बोलतात, ते नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

साहेबांनी एप्रन पुढे केला. ‘‘घे. तुझाच आहे.’’

‘‘मीटिंग झाली?’’

‘‘झाली. सोमवारी आठला ये. आणि रोज ये.’’

पट्टीनं एप्रनकडे पाहिलं. ‘‘मग घडी मोडावी लागेल,’’ ती जरा नाराजीनं म्हणाली आणि मोडली.

वाचकहो, आपल्या गावात अशा किती पट्ट्या घरी बसून आहेत, याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्यांच्यात काय कमी आहे, हे मात्र आपल्याला तोंडपाठ असतं. कोणाला ‘जमत नाही’ असा शेरा मारण्याआधी आपल्या कामाच्या जागेत एक चक्कर मारा. कोणाच्याच उपयोगाचं नसलेलं आणि तरी कोणाला तरी बाहेर काढणारं असं काहीतरी तिथं नक्की सापडेल. ते काढून टाका. त्या मुलीला बदलायला आपण बावीस वर्षं धडपडलो. भोंग्याचं काम दहा मिनिटांचं होतं.