दहा पावलं आत

तोमोए कुवाजिमाबाईंनी पिवळा झेंडा आडवा धरला की हागिनोदाई वस्तीच्या उतारावरून येणाऱ्या गाडीची काय बिशाद होती पुढे सरकायची! मालाचा ट्रक असो नाहीतर डॉक्टरांची घाईतली मोटार, पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे चाक थांबलंच पाहिजे. एकाहत्तर वर्षांच्या या बाई चौदा वर्षं रोज सकाळी साडेसातला टोफूच्या दुकानासमोर उभ्या राहून शाळेची पोरं रस्त्यापलीकडे नेत होत्या. नवरा गेला तो आठवडा सोडला तर एक खाडा नाही. पोरं त्यांना ‘झेंडावाल्या आजी’ म्हणत आणि त्यांना ते भारी आवडे.

त्यांचा खरा अभिमान मात्र वेगळाच होता. रस्ता ओलांडला की पोरांनी काठावर थांबायचं, मागे वळायचं आणि थांबलेल्या गाडीला कमरेतून वाकून आभार मानायचे. तसं सगळ्याच शाळांची पोरं वाकतात हो, पण आजींच्या पोरांसारखी नाही. दप्तर घरंगळून डोक्यावर येईपर्यंत वाकत! गाडीवाला आतून मान लववी, आजी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून सर्वांत खोल वाकत, आणि अशी झोकात सकाळ सुरू व्हायची.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी घात झाला. सामान पोचवणारी बंद गाडी थांबली होती. दुसरीतली सावा पलीकडे पोचली, वळली, वाकली, आणि गाडीच्या डाव्या अंगाने आलेल्या सायकलवर आपटली. हनुवटीला तीन टाके पडले, पुढचा एक दुधाचा दात गेला. सायकलवर होती मियोरी हात्सुशिबा, मागच्या खुर्चीत तिचा तीन वर्षांचा रित्सु. मुलाला पाळणाघरात सोडून स्टेशन गाठायचं, हा तिचा रोजचा रस्ता.

“बाणासारखी आली बाई सायकल! मी तिथेच होते ना!” आजींनी हे दवाखान्यात सांगितलं, टोफूवाल्याला सांगितलं, वस्तीच्या मंडळाचे प्रमुख इगाराशी यांच्या दारात उभं राहून सांगितलं. झेंडावाल्या आजी म्हणतात म्हटल्यावर कोण कशाला शंका घेतंय?

मियोरी सावाच्या घरी माफी मागून आजींकडेही आली. हातात मिठाईचा डबा, डोळे सुजलेले.

“आजी, मी ब्रेक दाबूनच होते हो. एकदम खालून डोकं पुढे आलं...”

“ब्रेक दाबून होतीस, मग पोरगी पडली कशी? वाऱ्यानं?”

आजींनी डब्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून मियोरीची सायकल दिसेनाशी झाली. रित्सुला खांद्यावर घेऊन ती उतारावरून धापा टाकत पळायची. बरी अद्दल घडली, असं आजी मनात म्हणाल्या. म्हणाल्या, खोटं कशाला बोला?

पण इगाराशींनी भलतंच काढलं. “शुक्रवारी बैठक आहे. हे पट्टे शाळेच्या वाटेतून काढून टाकू. पोरं पादचारी पुलावरून जातील.”

“बासष्ट पायऱ्या आहेत त्या पुलाला!” आजी कडाडल्या. “चार दिवस चढतील, पाचव्या दिवशी खालून पळत सुटतील. आणि तेव्हा तिथे झेंडाही नसेल नि मीही नसेन. मग काय तुम्ही उभे राहणार?”

“बैठकीत बोला, कुवाजिमाबाई. तोवर पूल.”

झेंडा घरी छत्र्यांच्या शेजारी उभा राहिला. पट्टे गेले तर पोरं जीव धोक्यात घालणार हे त्यांना लख्ख दिसत होतं. आणि पट्टे राखायचे तर सगळा दोष सायकलचाच होता हे बैठकीत ठासून सांगायला हवं होतं. त्यात काय कठीण होतं? बोलण्यात त्यांना कोण हरवणार!

पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी हनुवटीला पट्टी लावलेली सावा आईबरोबर टोफू घ्यायला आली. आजींनी तिला जवळ बोलावलं.

“ये गं माझी वाघीण. मला बैठकीत नीट सांगायचंय. कशी उभी होतीस, दाखव बरं.”

रस्ता मोकळा बघून सावा काठावर उभी राहिली. पाय पांढऱ्या रेषेच्या आत, अगदी शिकवल्यासारखे. मग ती कमरेतून वाकली. डोकं रेषेच्या बाहेर गेलं, सायकली जातात तिथे, हात-सव्वा हात बाहेर.

आजींनी रेषेकडे पाहिलं, मग सावाच्या डोक्याकडे.

“आणि सायकल कशी आली? जोरात?”

“काय माहीत. मी खाली बघत होते.” सावा सरळ झाली. “तुम्हालाही दिसली नसेल, आजी. तुम्हीपण वाकला होता. तुम्ही तर आमच्यापेक्षा जास्त वेळ वाकता!”

पोरगी निरागसपणे बोलून गेली. आजी दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या त्या उठेचनात. खरंच होतं. त्या सकाळी त्यांनी पाहिला होता तो डांबराचा रस्ता आणि स्वतःचे बूट. आवाज ऐकून मान वर केली तेव्हा पोर पडलेली होती. बाणासारखी सायकल त्यांनी पाहिलीच नव्हती. पाहिली असणार, असं धरून चालल्या आणि आठ दिवस गावभर सांगत सुटल्या. बाई गं, आणि त्या मियोरीचा डबासुद्धा घेतला नाही.

शुक्रवारी हॉल भरला होता. मियोरी मागच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. इगाराशी म्हणाले, “कुवाजिमाबाईंनी अपघात डोळ्यांनी पाहिलाय. आधी त्या सांगतील.”

आजी उभ्या राहिल्या. “मी काही पाहिलेलं नाही.”

मागच्या रांगेत मियोरीने मान वर केली.

“मी वाकले होते. पोरं वाकली होती. ज्या घडीला रस्त्यावर डोळे हवेत, त्या घडीला आमच्यातल्या एकाचेही नव्हते. ही शिकवण माझी. सायकल जोरात होती हे मी पदरचं बोलले.” आजी सरळ मागच्या रांगेपर्यंत चालत गेल्या आणि मियोरीसमोर वाकल्या. खूप वेळ वर आल्या नाहीत.

“अहो आजी, उठा ना,” मियोरी रडत रडत म्हणाली. “मीही गाडीमागे थांबायला हवं होतं. गाडी थांबली म्हणजे पुढे कुणीतरी असणारच, एवढं कळायला नको मला?”

“हवंच होतं,” आजी सरळ होत म्हणाल्या. “ते मी सोडत नाहीये.” हॉलमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं.

“मग पोरांनी आभार मानायचेच नाहीत का?” इगाराशींनी विचारलं.

“मानायचे की! दहा पावलं आत जाऊन. टोफूवाल्याच्या अंगणात पिवळी पावलं रंगवू, बोटं रस्त्याकडे. पोरांनी तिथे पाय ठेवून हवं तेवढं वाकावं. गाडी थांबली की सायकलीने तिच्या मागेच थांबायचं, तशी पाटी लावू. आणि शेवटचं पोर आत पोचेपर्यंत माझी मान ताठ राहील. अंगण त्याचं, रंग माझा. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघा. एकाही पोराला खरचटलं तर मी स्वतः झेंडा आणून देते.”

टोफूवाल्याने बसल्या जागेवरून हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनीच केला. इगाराशींनी सुट्टीपर्यंतची मुदत लिहून घेतली.

सोमवारी आजींनी झेंडा आडवा धरला. तीच बंद गाडी थांबली. पोरं पलीकडे गेली, काठावर न रेंगाळता आत पळाली. गाडीवाल्याने मान लववली आणि चौदा वर्षांची सवय आजींच्या पाठीत वळवळली. त्यांनी दात आवळून मान ताठ ठेवली. अंगणातून पोरांचा गलका आला, “थँक्यू!” एकमेकांचे पाय तुडवत सगळी त्या पिवळ्या पावलांवर वाकत होती. सावाचं दप्तर उघडंच होतं, वह्या भसकन बाहेर पडल्या.

गाडीमागे एक सायकल थांबली होती, एक पाय जमिनीवर टेकलेला. आजींनी झेंडा उचलला, गाडी गेली. मियोरी सायकल हाताने ढकलत पुढे आली आणि आजींच्या समोर थांबून खोल वाकली. मागच्या खुर्चीत रित्सुही वाकला. त्याची टोपी डोळ्यांवर आली.

आजींचे डोळे भरून आले. या वाकण्याला उत्तर द्यायला त्यांचा जीव तुटत होता. पण वरून आणखी एक सायकल उतरत होती आणि तिसरीतली दोन पोरं उशिरा पळत येत होती.

“नंतर!” आजी रस्त्यावरची नजर न हलवता ओरडल्या. “नंतर वाकीन गं, डबासुद्धा घेईन! आधी आत हो!”