एकतिसावी फ्लॉपी

पत्र्याचं ते चिमुकलं झाकण अंगठ्याने सरकवलं की आतली तपकिरी, गुळगुळीत चकती दिसते, सोडलं की टक्कन मिटतं – सकाळपासून तृप्तीला चाळाच लागला होता. बोटाचा घाम आत लागला की गेली फ्लॉपी, असं कॉम्प्युटर दुरुस्त करणारे यादवकाका दोनदा बजावून गेले होते, तरी अंगठा आपला आपोआप तिकडेच. उघड, मीट. उघड, मीट. वरच्या कागदावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, ‘५ – सिन्नर, खालची गावं’. आठवीतलं अक्षर. किती गोल गोल आणि बाळबोध होतो आपण, देवा! आता दहावीत कसं तिरकं येतं, भरभर, कुणाची वाट न बघता...

छत्तीस फ्लॉप्या. श्रीखंडाच्या दोन रिकाम्या डब्यांत.

काल संध्याकाळी कॉम्प्युटरने एक बारीक कट्-कट् आवाज केला आणि मान टाकली. आज सकाळी साडेसहाला यादवकाकांनी नवी हार्ड डिस्क बसवून दिली, जुनी हातात खेळवत म्हणाले, “ही संपली. यातलं काही परत मागू नकोस.” मग डब्यांकडे बघून, “एवढ्या फ्लॉप्या! सीडी करून ठेवली असतीस तर दहा मिनिटांचं काम होतं.”

“सीडी रायटर तुम्ही देणार होतात ना काका? गणपतीत.”

“कुठले गणपती ते नव्हतो बोललो,” काका म्हणाले आणि स्कूटरला किक मारून पंचवटीच्या गल्लीत दिसेनासे झाले.

नामावळी म्हणजे काय हे वर्गातल्या स्नेहलला समजावताना तृप्ती नेहमी म्हणते, अगं, आमच्याकडे लोकांचे पणजोबा असतात. अण्णा गोदाकाठचे उपाध्याय. अस्थी घेऊन, श्राद्धाला, जे यजमान येतात त्यांचं गाव, पिढ्या, कोण गेलं, बरोबर कोण आलं, सगळं वहीत लिहायचं आणि खाली आलेल्याची सही घ्यायची, नाहीतर अंगठा. म्हणजे चाळीस वर्षांनी नातू आला की त्याला आजोबांची सही दाखवता येते. आलेली माणसं त्या सहीवरून असं बोट फिरवतात... हे तिने लहानपणापासून पाहिलेलं, इतकं की पाहायचं सोडून दिलेलं. दोन वर्षांपूर्वी मामाने जुना कॉम्प्युटर दिला, तेव्हापासून ती सुट्टी-सुट्टीत बसून सगळ्या वह्या टाइप करत होती. आणि वह्यांची शिवण सुटली होती म्हणून श्रावणात, “द्या हो अण्णा बिनधास्त, कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे,” असं म्हणून तिनेच त्या भद्रकालीतल्या बाइंडरकडे पाठवायला लावल्या. बाइंडरने त्या उसवून ठेवल्यात. दसऱ्यानंतर मिळतील. आणि आज अविधवा नवमी.

काल मेलेल्या पडद्यासमोर उभं राहून अण्णा एवढंच म्हणाले होते, “उद्या माझा एक जरी यजमान नाव न बघता परत गेला तृप्ते, तर हे डबडं परवा मामाकडे.” ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं. डबडं गेलं तर... तर काय, तर ती पुन्हा नुसती गुरुजींची मुलगी, पाट मांडणारी, दर्भाच्या जुड्या बांधणारी. मला नाही तसं व्हायचं. मला हे येतं. घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही असं हे एकच मला येतं.

एका फ्लॉपीला अठरा मिनिटं. वाचायला तीन, आणि ती नावं प्रोग्राममध्ये जागच्या जागी बसायला पंधरा, मध्ये थांबवायचं नाही. छत्तीस अठरे सहाशे अठ्ठेचाळीस, म्हणजे सातला बसलं तर पावणेसहा वाजणार, आणि नवमीचे यजमान दुपारी तीनपर्यंत आटोपून मोकळे. एक ते छत्तीस ओळीने घाल, असं काका सांगून गेले होते. पण ओळीनेच का? – हा प्रश्न तिला दात घासताना पडला आणि तोंडात फेस तसाच ठेवून ती हसली. सगळे यजमान आज थोडेच येणार आहेत! अण्णांच्या रोजनिशीत गेल्या तीन पितृपक्षांची नोंद होती, कुठल्या तिथीला कुठली मंडळी आली. नवरा हयात असताना गेलेल्या बायकांचं श्राद्ध आज, तेव्हा आज येणारे बहुतेक दरवर्षी आजच येणार. तिने पाठकोऱ्या कागदावर गावं लिहिली आणि पुढे रेघा मारल्या, आलं की एक रेघ. सिन्नरच्या खालच्या गावांपुढे अकरा. निफाडपुढे नऊ. ज्या फ्लॉपीला रेघा जास्त ती आधी. सर्वांत खाली एकतीस नंबर, ‘घोटी – वरचे पाडे’, तीन वर्षांत एकही रेघ नाही. ती छत्तिसावी.

आणि काय जमलं म्हणून सांगू! पाच नंबर बसली आणि आठच्या आत सिन्नरची जीप दारात. निफाडची बसली, अर्ध्या तासात निफाडकर. तृप्तीला वाटलं, आपण दाराआडून माणसं ओढतोय, दोरी बांधल्यासारखी. अकराला अण्णा घाटावरून पाणी प्यायला आले, भिंतीवर चिकटवलेली तिची यादी त्यांनी चष्मा वर करून वाचली.

“हे पंचांग कुणाचं?”

“माझं.”

“आता पुढे कोण येणार म्हणतंय?”

“दिंडोरीचे. मोठं कुटुंब. दरवर्षी त्यांच्या लताबाईंच्या श्राद्धाला येतात.”

अण्णा पाणी प्यायले. बाहेर पडताना ते दारात दिंडोरीकरांनाच धडकले, आणि त्यांनी मागे वळून तिच्याकडे जे पाहिलं ना... त्या पाहण्यावर तिने पुढचे दोन तास काढले. आईने पोह्यांची बशी आणून ठेवली, ती तशीच थंड झाली. पुढे हे सगळं मोठं होणार होतं, रोजच्या रोज, कुठली नावं उद्या लागणार ते आदल्या दिवशीच कळणार, आपण पुण्याला शिकायला जाणार, यादवकाका विचारायला येणार...

एकच्या सुमाराला दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, पायांत चप्पल नाही, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

“गुरुजींचं घर ह्येच ना? लेक म्हणला, तू जाऊन बस. त्यो गुरुजींसंगं घाटाव हाय. कोंडाजी.”

“या ना आजी. गाव कुठलं?”

“घोटीच्या वर. पाड्यावरची.” ती उंबऱ्याच्या आतच टेकली. “माझं नाव ठमाबाई. नवरा सावळीराम. त्याची राख आणली व्हती दोन वर्सामागं. मी नि माझी सून.”

तृप्तीने आधी यादीकडे पाहिलं. चूक. यादीत घोटीपुढे रेघच नाही. तुमच्याकडून कुणी येत नाही, हे तिच्या जिभेवर आलं होतं... रोजनिशीत पितृपक्षाची पानं पाहिली होती तिने, फक्त पितृपक्षाची, आणि ही माणसं आली असणार पौषात नाहीतर कधी, अस्थी काय तिथी बघून येतात? यंत्रात चौदा नंबरची फ्लॉपी नुकतीच गेली होती. मध्ये थांबवायचं नाही.

“अर्धा-पाऊण तास लागेल आजी. बसाल?”

“बसते की. चारची जीप हाय. उद्या पिंपळगावकडं द्राक्षाच्या छाटणीला जायचंय टोळीसंगं, म्हून आजच आलो.” म्हातारीने पडद्याकडे पाहिलं. “वही कुठं हाय?”

“शिवायला दिलीये. सगळं यात आहे.”

“ह्यात?”

“हो. नावं, गावं, सगळं.”

“मंग तिचा अंगठा दाव.”

“कुणाचा?”

“नवसाबाईचा. सुनेचा. तवा कोंडाजी वाळूच्या कामाव व्हता, मला काय उभं राहवंना, मी म्हनलं गुरुजी, हिचाच घ्या. तिनं दिला.” ठमाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. “आवंदा लावणीत तिला पान लागलं, जनावर डसलं. खाचरातच. जीप मिळंस्तवर गेली. फोटू नाय, रेशनकारडाव चढली नव्हती. कोंडाजी म्हनला, आये, नाशकात गुरुजींच्या वहीत तिचा अंगठा हाय, तेवढा बघून येऊ.”

पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. एकवीस टक्के.

अंगठा. तृप्तीला आधी रंग आठवला – जांभळा. मग वास, शाईच्या पॅडचा, गोडसर. आठवीचे दिवस, कॉम्प्युटर नवा कोरा, आणि वही भरली होती म्हणून अण्णा सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून तिच्याकडे टाकत होते. त्या चिठ्ठ्या कधी वहीत गेल्याच नाहीत, सरळ तिच्या बोटांखालून आत. टाइप झालं की टिक, टिक झाली की टोपली, किती तोऱ्यात, पत्ते टाकावेत तसं! एका चिठ्ठीवरची शाई ओली होती, तिच्या करंगळीला लागली, ती चिडली होती, शी, आता की-बोर्डला लागणार... गाव, नाव, पिढ्या, सगळं रकान्यांत बसलं. अंगठा कुठे बसवायचा? शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना होता, त्यात तिने टाइप केलं – अंगठा, आणि पुढे कंसात – सून. टिक. टोपली.

तेव्हा किती शहाणी वाटले होते मी मला.

पण ती तीच चिठ्ठी होती का? दोनशे तरी असतील. आणि एकदा अण्णा टोपलीवर वाकून काहीतरी उचलत होते, “राहू दे गं, कागद आहे,” म्हणत... उचलून वहीत सारल्या होत्या की पूजेच्या फडताळात, की तो दिवसच वेगळा होता? सारल्या असतील. ते तसेच आहेत, एक चिठोरं टाकत नाहीत. असतील तर भद्रकालीत, उसवलेल्या पानांच्या ढिगात कुठेतरी, बाइंडरने फालतू कागद म्हणून झटकली नसेल तर. याचा हिशोब कुठल्या रेघांनी करायचा? त्रेसष्ट टक्के.

“येवढी पोर तू नि हे चालवतीस,” ठमाबाई म्हणाली. “आमची नवसा पन अशीच. जमिनीच्या मोबदल्याची रांग असू दे नायतर दवाखान्याची, म्होरं तीच. मला म्हनायची, आत्या, तुमी गप बसा.”

तृप्तीला हसू आलं. म्हणजे ती धिटाईने पुढे झाली असणार, बोट पॅडवर दाबून, इथे ना, गुरुजी?

चौदा नंबर बसली. डब्यात तळाशी हात घालून तिने एकतीस काढली. झाकण उघडायचा मोह आवरला, अंगठा लांब धरून कडांनी उचलून आत सारली. घरघर. पुन्हा घरघर. मग अडखळल्यासारखा आवाज – दोन वर्षांची दमट हवा – आणि पुन्हा सुरळीत. अठरा मिनिटं. आईने म्हातारीला चहा दिला, तो तिने बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायला.

नाव आलं. तृप्तीने मोठ्याने वाचलं, गाव, पाडा, सावळीराम, त्याचा बाप, त्याचा आजा. प्रत्येक नावाला ठमाबाई मान हलवत होती, बरोबर, बरोबर. “सोबत – पत्नी ठमाबाई, सून नवसाबाई.”

“हाय का! आली का नवसा!” ठमाबाई उठून पार पडद्याला चिकटली. ओळीच्या टोकाला, एकट्याच पडलेल्या शब्दावर तिने बोट टेकवलं. काच कडक होती, बोट घसरलं, तिने पुन्हा टेकवलं. “ह्योच का तिचा?”

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. कोंडाजी येईल, तोही बोट टेकवेल, चारची जीप निघून जाईल, अण्णांचा यजमान नाव बघून परत जाईल आणि डबडं इथेच राहील.

“नाही आजी,” तृप्ती म्हणाली. “हे मी लिहिलंय. अंगठा होता, एवढंच लिहिलंय.”

“मंग त्यो कुठं हाय?”

बाहेर जीप थांबली. दारं आपटली, कुणीतरी बायकांना सावकाश उतरा म्हणत होतं – यादीतले पुढचे, सिन्नर वरची गावं, अगदी वेळेवर. तृप्तीने मान वळवली नाही. सकाळपासून जे विचारलं जाईल ते आधीच तिच्या हाताशी होतं. आता हात रिकामा होता, आणि नवल म्हणजे तो तिने पाठीमागे लपवला नव्हता.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडून टाकला गेला असेल. अण्णांनी उचलून ठेवला असेल तर... अण्णांना येऊ द्या घाटावरून. मी विचारते. तुमच्यासमोर विचारते.”

ठमाबाईने बोट काचेवरून सावकाश काढलं. ती पुन्हा खाली टेकली, आणि काचेवर उमटलेला धुरकट, गोल डाग तृप्ती पाहत राहिली – पुसायला टेबलावरचं फडकं उचलून, तसंच हातात धरून.