मंगळावरचं लोखंड

"हिच्यात लोखंड किती हाय, तेवढं बघा," म्हणत दानम्मानं मातीची पिशवी टेबलावर ठेवली.

रुद्रप्पा चपापला. बीडच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत त्याचे केस पिकले, पण बायको कधी तिथं आली नव्हती.

"कुठली माती?"

"पालीची. आपल्या ईश्वरीची."

चूक त्याचीच होती. काल शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मंगळावर उतरलेली गाडी दाखवली. खेळण्याएवढी, सहा चाकांची. मातीला नाक लावायची आणि तिच्या पोटात काय आहे ते पृथ्वीवर कळवायची. आपल्याच धंद्यातलं यंत्र म्हटल्यावर रुद्रप्पाला चेव चढला, आणि एकदा बोलायला लागला की त्याला लगाम नसे. "तिथली माती तांबडी कावून? लोखंडानं! नुसतं लोखंड पडलंय तिथं." लेक गेल्यापासून दानम्मानं पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याला कान दिला होता. त्यातच तो खूश.

"पोरीच्या अंगात लोखंडच न्हाई," असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर ईश्वरीला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती. फार उशीर झाला होता. लिंगायतांच्या रीतीनं पालीच्या शेतात बसवून तिला माती दिली.

"कशी काढलीस?" त्यानं कसंबसं विचारलं.

"तुमी शेतकऱ्यांला सांगता तशीच. वरचा पाला सारला, वीतभर खड्डा घेतला."

"आगं, ही माती हाय, दानम्मा..."

"त्या गाडीला कळतंय, अन् तुमाला न्हाई?"

तो उठला. चिमूटभर माती आम्लात घातली, गाळली, वर औषधाचे दोन थेंब सोडले. काचेची नळी लालभडक झाली. काळ्या मातीत लोखंड असायचंच. कुठूनही उचला, नळी लालच होणार. दुसऱ्या कुणालाही त्यानं हे सांगितलं असतं. तिला सांगायला जीभ रेटेना.

"भरलंय," तो म्हणाला. "लई भरलंय."

"मग आता धाप लागत नसंल तिला."

"न्हाई लागत."

नळी दोन्ही हातांत धरून दानम्मा ढसाढसा रडली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चला. खड्डा उघडाच राह्यलाय."

अर्धी रजा टाकून तो तिच्याबरोबर एस.टी.त बसला. शेतात पोचल्यावर त्यानं पिशवीतली उरलेली माती खड्ड्यात ओतली, भोवतालची ओढून घेतली. नमुन्याचा खड्डा बुजवला की वर पाय देऊन दाबायचा, ही जन्माची सवय. त्यानं पाय उचलला, आणि तो खाली टेकवेना.

दानम्मानं वाकून ती जागा तळहातानं थोपटली.