शालनचा बंद डबा

हिंजवडीच्या त्या ऑफिसात दिवसभर फोन यायचे, ते तापलेल्या माणसांचेच. वॉशिंग मशीन बंद पडल्यावर गोड बोलायला कोण फोन करतो? बोलणी खायची, माफी मागायची, तक्रार नोंदवायची, की पुढचा फोन हजर. माणसं टिकत नव्हती. स्पृहा त्या गटाची प्रमुख. तिच्याकडचे दोघं आधीच सोडून गेले होते, आणि संतोष सरांनी तिला बजावलं होतं, "आणखी एक जण गेला, तर तुमचा गट मोडून बाकीच्यांत वाटून टाकू. मग आपण निवांत बसा."

माणसांना हुरूप यावा म्हणून वरून एक खेळ आला होता. भिंतीवर कागदी घोड्यांची शर्यत. जो फोन लवकर उरकेल त्याचा घोडा पुढे, पहिल्याला सिनेमाचं कूपन. रामदासचा घोडा खिडकीपाशी पोचला होता. वर्ध्याकडून आलेल्या शालनचा मात्र पहिल्या रेघेवरून हलत नव्हता. कुणाचं बोलणं मध्येच तोडणं तिला जमत नसे. एखादी म्हातारी मशीनवरून सुनेवर घसरली, तरी शालन ऐकत राही.

"शालन, घोड्याला चारा-पाणी घालतेस ना?" रामदास विचारायचा. सगळे हसत. शालनही हसे, पण ओठांपुरतं.

स्पृहाला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने शालनचा घोडा गुपचूप वीतभर पुढे चिकटवला. करायला गेली एक, झालं भलतंच. शालनने परत आल्यावर भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून घरची बोली बाहेर पडली.

"मॅडम, भीक नको मले. उद्याचा दिवस येईन, मग सोडली नोकरी."

स्पृहाने माफी मागितली. शालनने मान डोलावली, पण शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी शालन मोठा स्टीलचा डबा घेऊन आली. जाताना सगळ्यांचं तोंड गोड-तिखट करून जावं, एवढाच तिचा विचार. शेजारच्या खुर्चीवरच्या भाग्यश्रीने झाकणाला हात घातला, तशी शालनने तिच्या हातावर चापट मारली.

"असा नाही उघडायचा. आश्विन सुरू आहे. आमच्या भुलाबाईत आधी खाऊ ओळखावा लागतो." तिने डबा खुळखुळवून दाखवला.

"अगं, म्हणजे भोंडल्याची खिरापतच की," कसबा पेठेतली भाग्यश्री म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडच्या माणसाने तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. एरवी अशा फोननंतर ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. आज तिने हेडफोन काढला, डोळे पुसले आणि म्हणाली, "एवढं ऐकून घेतलंय. मला एक प्रश्न मिळालाच पाहिजे. गोड की तिखट?"

"तिखट."

झालं, नियम ठरला. बोलणी खाणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा. मग काय, "माझ्याकडे एक भडकलेत, गप्प बसा," असं लोक कौतुकाने सांगू लागले. फोन झटपट उरकणाऱ्या रामदासला एकही प्रश्न मिळेना. दुपारी त्याने पहिल्यांदाच एका आजोबांचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"तळलेलं आहे का?" त्याने घाम पुसत विचारलं.

"आहे. आणि आजोबांचं मशीन?"

"नळच बंद होता गं."

हशा ऐकून संतोष सर आले. "काय आहे डब्यात?"

"सर, विचारायचं असेल तर आधी बोलणी खावी लागतात," भाग्यश्री म्हणाली.

"ती मी रोज वरून खातो."

"ती चालत नाहीत."

सरांनी खरंच हेडफोन चढवला. एका बाईंनी त्यांची अक्कल काढली. ते तांबडे होऊन उठले. "डाळीचं आहे?"

"नाही."

सर निघाले. दारातून वळून म्हणाले, "स्पृहा, ते घोडे काढा. भिंत खराब होते."

संध्याकाळी ऑफिस सुटलं तरी कुणाला ओळखता आलं नाही. चकली, शेव, कडबोळी, सगळं सांगून झालं. रामदास झाकणाकडे आशाळभूतपणे पाहत राहिला.

"ओळखल्याशिवाय उघडत नाहीत," शालन म्हणाली.

स्पृहाने जपून विचारलं, "मग आता?"

शालनने डब्यावर हात ठेवला. सगळ्यांची तोंडं पाहिली.

"उद्या."

"खराब नाही ना व्हायचं?"

"आठ दिवस टिकते."

स्पृहाने डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली शालनच्या हातात दिली.